आधी घट्ट, मग रेघ

९ मार्च, मंगळवार. सकाळपासून ऊन. पावणेबाराला स्वयंपाकघरातल्या नळाचं डोकं निघून हातात आलं. पाणी छताला लागलं. फडकं दाबून धरलं, यार्डात फोन केला. हे साडेबाराला आले. मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, नळाचा आटा साफ करून नवा वायसर घातला. जेवताना म्हणाले, थोरलीच्या चक्राला आज बारा नवे बोल्ट घातले. मोठा पाना तपासणीला गेलाय, उद्या येणार. पण रंगाचा डबा उघडला होता, वाळून गेला असता, म्हणून रेघा मारून ठेवल्या. बाहीवर पांढरा डाग. टर्पेंटाइन लावलं, निघाला नाही. हात धुतले तोच ऑफिसचा फोन. इथूनच नदीपलीकडच्या साइटवर गेले, पंप अडकलाय. रात्री साडेआठला परत. उरलेली भाजी संपवली.

मिस्त्रींच्या बायकोच्या वहीतली ही नोंद. लिहिली त्या दिवशी तिच्यात विशेष असं काहीच नव्हतं. बाईंच्या एक्कावन्न वर्षांच्या एक्कावन्न वह्यांत अशी पानं ढिगाने सापडली असती. शाळा त्यांची कॉन्व्हेंटची. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने सातवीत कोरी वही हातात ठेवून सांगितलं होतं, काय घडलं ते वहीत लिही, काय वाटलं ते देवाला सांग. बाईंनी हा नियम पुढे संसारातही पाळला. मुलगी झाली तेव्हा त्यांनी मुलीचं वजन लिहिलं. आई गेली तेव्हा उशाशी औषधाच्या किती गोळ्या उरल्या होत्या ते लिहिलं.

यार्डाच्या भिंतीमागे पत्र्याच्या छपराच्या चौदा खोल्या एका ओळीत होत्या. कामगारांची कुटुंबं तिथे राहत. बाईंना सगळी ओळ वहीवाल्या काकू म्हणायची. कुणाच्या पोराला गोवर कधी येऊन गेला, कुणाचा पाहुणा किती दिवस राहिला, काही अडलं की बायका दारात उभ्या राहायच्या. "काकू, जरा वही बघा ना." आणि वहीत ते असायचंच. एकदा दोन शेजारणींचं पाण्याच्या पिंपावरून जुंपलं. पिंप कुणी, कधी आणलं ते बाईंनी तारखेनिशी काढून दाखवलं. त्यावर दोघींनी मिळून महिनाभर बाईंशीच अबोला धरला.

मिस्त्री पस्तीस वर्षं त्याच यार्डात होते. क्रेन, रोलर, डंपर, माती उपसणारी यंत्रं, जे काही लोखंडाचं आणि धूर सोडणारं होतं त्याची देखभाल त्यांच्याकडे. नवं यंत्र कुणीही चालवील, जुनं टिकवून दाखवा, हे त्यांचं म्हणणं. सकाळी इंजिन सुरू झालं की दहा मिनिटं ते त्याला जागीच गुरगुरू देत. एखादा ऑपरेटर घाई करू लागला की म्हणत, "झोपेतून उठलेल्या माणसाला लगेच जिना चढायला लावतोस का रे? तुझ्या सासऱ्याला लावून बघ." ग्रीस रोज, काम असो नसो. चाकांचा चिखल संध्याकाळीच धुवायचा, सकाळपर्यंत त्याचा दगड होतो. तेल बदललं की जुना फिल्टर करवतीने कापायचा, आतला कागद उन्हात पसरायचा आणि त्यात धातूचा चुरा चमकतो का ते बघायचं. चमकला की समजायचं, आत कुठेतरी काहीतरी झिजतंय. काढलेल्या तेलाचे नमुने ते बाटल्यांत भरून घरी आणीत, चिठ्ठी चिकटवून स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडीत आणि दोन दोन दिवसांनी त्यांचा तळ न्याहाळीत.

"लोकांच्या खिडकीत फुलझाडं असतात," बाई म्हणायच्या, "माझ्या खिडकीत काढे आहेत."

टाकून देणं हा प्रकार मिस्त्रींच्या हाताला ठाऊक नव्हता. वाकडा खिळा सरळ होई, फाटका पट्टा कापून त्याचा वायसर होई, डब्याच्या बुडाशी उरलेला रंग काडीने खरवडून निघे. बाई म्हणायच्या, "तुम्ही मलाही अजून टाकलं नाहीत ते त्याच हिशेबात."

"तुला टाकून कसं चालेल? तुझे सुटे भाग आता कुठे मिळतात?"

यार्डातली सगळ्यात जुनी क्रेन आणि मिस्त्री एकाच आठवड्यात तिथे आले होते. लग्न त्यानंतर वर्षाने. म्हणून बाईंनीच तिला थोरली म्हणायला सुरुवात केली. पुढे सगळ्या यार्डात तेच नाव रूढ झालं. "आधी थोरलीकडे जाऊन या, मग धाकटीच्या हातचा चहा प्या," हे रोज सकाळचं ठरलेलं वाक्य. बनवणाऱ्यांनी थोरलीला वीस वर्षांचं आयुष्य सांगितलं होतं. मिस्त्रींनी तिला पस्तिसाव्या वर्षात आणलं. मालक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे, "ही बघा आमची आजीबाई. अजून दात पडलेले नाहीत." मिस्त्री तेव्हा खाली बघून हात पुसत राहायचे. पण त्या संध्याकाळी त्यांना एक पोळी जास्त लागे, हेही वहीत आहे.

क्रेनचा खालचा भाग चाकांवर उभा असतो. वरचा भाग, म्हणजे केबिन, इंजिन आणि तो लांबलचक हात, एका मोठ्या लोखंडी चक्रावर बसून गोल फिरतो. वरचं धड खालच्या पायांना धरून ठेवतात ते त्या चक्राचे बोल्ट. थोरलीला असे छत्तीस होते. ते साध्या पान्याने घट्ट करून भागत नाही. त्यासाठी मोठा पाना, कमरेइतका लांब. नेमका ठरलेला जोर लागला की तो हातात 'टक्' असा वाजतो. टक् वाजलं की मिस्त्री बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढीत. पुढे बोल्ट ढिला होऊन जरा जरी फिरला, तरी रेघ मोडून तिचे दोन तुकडे होतात आणि ते चालता चालता लांबूनही दिसतं. आधी घट्ट, मग रेघ. हाताखाली जो येई त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जाई. "रेघ म्हणजे आपली सही. कोऱ्या कागदावर सही करणाऱ्याला काय म्हणतात? गाढव म्हणतात."

थोरली चालवायचा लंबू. इतका उंच, की केबिनच्या छतात डोक्यासाठी खोलगा पाडावा लागला होता. तो मिस्त्रींनीच हातोडीने ठोकून दिला. लंबू त्यांना उस्ताद म्हणायचा. रोज संध्याकाळी त्यांच्या दारात बसून चहा प्यायचा आणि पाय पसरले की गटाराच्या पलीकडे पोहोचायचे. पूर्वी तो दारूही प्यायचा. मग एक दिवस सोडली. सोडल्यापासून चहा दुप्पट झाला. बाई म्हणायच्या, "तुझी दारू सुटली आणि माझी साखर सुटली."

"काकू, वहीत लिहा," तो म्हणायचा. "सहा महिने झाले की सांगतो, तेही लिहा."

२७ एप्रिलला, मंगळवारीच, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी थोरलीने सळ्यांचा भारा उचलला, वळली, आणि वळता वळता तिचं वरचं धड खालच्या पायांवरून निखळलं. आवाज खोल्यांपर्यंत आला. बाईंनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत धावल्या. यार्डाच्या फाटकापाशी सगळ्या बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या. आपलं माणूस कुठल्या यंत्रावर आहे ते प्रत्येकीला ठाऊक होतं, त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं. सगळ्या फक्त लंबूच्या बायकोकडे बघत होत्या.

लंबूला केबिनमधून काढायला पावणेतीन तास लागले. पत्रा मिस्त्रींनीच कापला. दुसऱ्या कुणाला गॅसने कापायची नळी हातात घेऊ दिली नाही. घरी आले तेव्हा त्यांच्या भुवया जळलेल्या होत्या. खोलगा पाडलेला छताचा तुकडा त्यांनी पोत्यात गुंडाळून आणला होता. तो पलंगाखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बाईंनी त्या दिवशी लिहिलं: *लंबू गेला. दूध दोनदा तापवायचं राहिलं, नासलं.*

दोन दिवसांत ऑफिसमधून बातमी पसरली, भार जास्त उचलला असणार. चार दिवसांत तिला शेपूट फुटलं, पुन्हा प्यायला लागला असणार. तपासणीचे साहेब सात मेला येणार होते. बहुतेक बोल्ट तुटले होते. पुढच्या बाजूचे नऊ तेवढे जागेवर होते, आणि त्यांच्यावरच्या पांढऱ्या रेघा सरळ, सलग. म्हणजे देखभाल चोख होती, असं व्यवस्थापक ज्याला त्याला सांगू लागले. मग दोष कुणाचा? जो सांगायला परत येणार नव्हता त्याचा.

मिस्त्रीही तेच म्हणत. हळू आवाजात, पण तेच. "माझे बोल्ट घट्ट होते. रेघा मी त्या दिवशी सकाळीसुद्धा बघितल्या. भारच जास्त झाला असेल गं. पोरगा घाईत असेल." ते खोटं बोलत नव्हते. बाईंना त्यांचं खोटं ओळखता येई, ते कानाची पाळी चोळत. हे म्हणताना त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले असायचे.

आठव्या दिवशी लंबूची बायको आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"काकू, जरा वही बघा ना."

बाईंना क्षणभर तो रोजचाच प्रश्न वाटला. "काय बघू गं?"

"त्याने कधी सोडली ते. तुम्ही लिहिलं असेल. तो सांगायचा, काकूंच्या वहीत माझी नोंद आहे म्हणून." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "ऑफिसवाले म्हणतात, महिनाअखेर खोली सोड. पिऊन मेलेल्याच्या बायकोला ठेवलं तर बाकीच्यांना काय सांगायचं, म्हणतात. काकू, शाळेत पोरीला विचारतात गं, तुझा बाप प्यायला होता का."

"बस आधी."

"नको. तुम्ही बघा."

बाईंनी चालू वही घेतली आणि एप्रिलपासून मागे जायला लागल्या. लंबू सहा महिन्यांचं सांगायला आला होता, हे त्यांच्या लक्षात होतं. नुसती तारीख हवी होती. एप्रिल संपला, मार्च आला. पानं उलटताना 'थोरली' हा शब्द दिसला आणि त्यांचं बोट आपोआप थांबलं. नळ. पाना उद्या येणार. रंगाचा डबा. बाईंनी ओळ एकदा वाचली. मग पान उलटलं आणि त्याच आवाजात लंबूच्या बायकोला हवं होतं ते वाचून दाखवलं:

"२ मार्च, मंगळवार. लंबू दारात येऊन म्हणाला, काकू, आज सहा महिने झाले. चहा दोनदा घेतला. पोरीला गणितात किती मिळाले ते सांगितलं."

लंबूची बायको भिंतीला टेकली. मग म्हणाली, "एवढं एका कागदावर लिहून द्याल? साहेबांना देते. तारीख घालून."

बाईंनी लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, सिस्टरने छडीखाली वळण लावलेलं. कागद घेऊन ती गेली, तरी बाई वही उघडी टाकून तशाच बसून राहिल्या. दारूचा डाग त्या कागदाने पुसला गेला असता. भाराचा नाही. भाराचा डाग पुसेल असं पान दुसरंच होतं, आणि ते त्यांच्या मांडीवर होतं.

मिस्त्री सहाला आले. बाईंनी चहा दिला. तो संपेपर्यंत थांबल्या.

"अहो, नऊ मार्चला मोठा पाना नव्हता."

"कुठला नऊ मार्च?"

"नळ फुटला तो दिवस."

"त्याचं काय आता?"

बाईंनी वाचलं. सगळं वाचलं, टर्पेंटाइन आणि उरलेल्या भाजीसकट. मध्येच सोडून वाचायची त्यांना सवय नव्हती. मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि बशी सरळ केली.

"मग दहाला केलं असेल. पाना दहाला आला ना."

"दहाचं वाचू?"

"वाच."

"१० मार्च. हे सकाळी सहालाच नदीपलीकडे गेले. पंप उघडला. ११ मार्च. हे तिकडेच. जेवण डब्यातून पाठवलं. १२ मार्च. यार्डात. दिवसभर रोलर."

"बाराला," मिस्त्री म्हणाले, "बाराला सकाळी मी थोरलीला एक चक्कर मारली होती. मला चांगलं आठवतंय. मोठा पाना भिंतीवर परत टांगलेला होता. मी खाली वाकून बघितलं. रेघा होत्या." त्यांनी बायकोकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं, चुकलेल्या पोरासारखं. "रेघा होत्या ना गं."

बाहेर कुणीतरी बादली घासत होतं. तो आवाज थांबला.

"ढिला बोल्ट नेहमी फिरतोच असं नाही," मिस्त्री शेवटी म्हणाले. ते बायकोला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. "साध्या पान्याने मी ते पुरेसे आवळले होते, गळून पडणार नाहीत इतपत. असा बोल्ट जागच्या जागी कुरकुरतो. क्रेन वळली की ताणतो, सैल पडतो. पुन्हा ताणतो. सात आठवडे. मग एक तुटला की त्याचं ओझं शेजाऱ्यावर." त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि सोडवली. "बारा होते नवे. बारा म्हणजे तिसरा हिस्सा."

"मी फोन केला नसता तर..."

"पाणी छताला लागलं होतं. नळाचा काय दोष? डबा मी उघडला." ते हसल्यासारखं करत म्हणाले, "कपभर रंग होता. वाळला असता तर दुसरा आणला असता. कपभर."

दिवा लावायची वेळ झाली तरी बाई उठल्या नाहीत.

"पान फाड," मिस्त्री म्हणाले.

"मी कधी पान फाडलं नाही."

"माहीत आहे मला. फाड."

बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "फाडायचं तर तुम्ही फाडा. मी बघणार नाही." पण त्यांनी नजर वळवली नाही.

मिस्त्रींनी पान दोन बोटांत धरलं. पस्तीस वर्षांचं ग्रीस मुरलेली बोटं, कागदावर लगेच ठसा उमटला. त्यांनी पान उचलून मागची बाजू बघितली. "मागे काय लिहिलंय?"

"दहा आणि अकरा तारीख. आणि रेशनच्या दुकानाची नवी वेळ."

"म्हणजे तेही जाणार."

"जाणारच."

त्यांनी पान पुन्हा बसवलं, तळव्याने सपाट केलं आणि वही मिटली. त्या रात्री दोघंही जेवले नाहीत. बाईंनी तेही लिहिलं, आणि भाकरी शेजारच्या कुत्र्याला घातली, हेही.

सकाळी मिस्त्री साधा पाना खिशात घालून यार्डात गेले. थोरली मागच्या कोपऱ्यात पडलेली होती. भोवती पट्टी बांधलेली होती, पण त्या कोपऱ्याच्या कुलपाची किल्ली मिस्त्रींकडेच असायची. दहाला परत आले.

"नवे तीन जागेवर राहिलेत," ते म्हणाले. "तिन्हींना पाना लावून बघितला."

"मग?"

"हलतात. हलतात एवढं कळलं तिथेच थांबलो. रेघ मोडू दिली नाही."

बाईंनी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण त्यांनी विचारलं. "मोठा पाना?"

"भिंतीवर टांगलेला आहे." त्यांनी पायांतले बूट काढून नेहमीप्रमाणे जोडीने लावले. "तीन टक्. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळलं नसतं." मग म्हणाले, "टांगलेलाच आहे."

७ मेला सकाळी बाईंनी डबा भरून मिस्त्रींच्या हातात दिला. अर्ध्या तासाने वही कापडी पिशवीत घालून त्याही यार्डात गेल्या. लंबूची बायको फाटकापाशी कागद हातात धरून उभी होती. तिने बाईंना जवळ सरकून जागा करून दिली. ते बाईंना सगळ्यात जड गेलं.

साहेब मध्यम वयाचे, चष्म्याची दोरी गळ्यात, स्वतःची वही काखेत. त्यांनी बोल्ट मोजले, तुटलेल्यांचे तुकडे पिशव्यांत घातले, उरलेल्यांवरच्या रेघा जवळून बघितल्या. व्यवस्थापक बाजूला उभे राहून सांगत होते, "आमचे मिस्त्री म्हणजे या कामातले गुरू, साहेब. रेघ मोडलेली दाखवा आणि मी नाव बदलतो. आता माणूसच घसरला तर यंत्र काय करणार?" लंबूच्या बायकोने कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला, मान हलवली. "बाई, प्याला नसेल. पण भाराचं काय? याने तेवढंच सिद्ध होतं."

मिस्त्री पुढे झाले. खिशातून साधा पाना काढला आणि साहेबांच्या हातात दिला.

"साहेब, हा बोल्ट. जरा फिरवून बघा."

"मी?"

"तुम्हीच. जोर लावू नका. नळ उघडतो तसा."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पाना लावला आणि एका हाताने ओढला. बोल्ट फिरला. इतका सहज, की साहेबांचा तोल जाऊन ते अर्धं पाऊल मागे आले. बोल्टच्या डोक्यावरची रेघ डोक्याबरोबर गेली, खालची तिथेच राहिली. पांढऱ्या रंगाची बारीक खपली उडून मातीत पडली.

"मिस्त्री," व्यवस्थापक म्हणाले, "काय करताय तुम्ही, कळतंय का?"

"अजून दोन आहेत," मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी तेही फिरवले. मग वही उघडली. "हे बोल्ट कधी घातले?"

"नऊ मार्चला."

"आणि घट्ट?"

"केलेच नाहीत. आधी रेघ मारली. मग रेघेवर विश्वास ठेवला." त्यांनी फाटकाकडे बघितलं. "पोराने भार बरोबर उचलला होता. बाकीचं आमच्या घरात लिहिलेलं आहे."

बाईंनी पिशवीतून वही काढली. साहेबांनी पान स्वतः वाचलं, मिस्त्रींच्या बोटाचा ठसा असलेलं. दोनदा वाचलं. "ही माझ्याकडे राहील," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "आजची नोंद व्हायची आहे." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पोचपावती लिहायला घेतली.

मिस्त्रींना जबानीसाठी गाडीत बसवलं. डबा न उघडता तसाच होता. तो त्यांनी खिडकीतून बाईंकडे दिला. गाडी वळेपर्यंत बाई तिथेच उभ्या राहिल्या. वळून बघतात तो लंबूची बायको समोर. बाईंना वाटलं, ती गळ्यात पडेल. निदान रडेल.

"सात आठवडे," ती म्हणाली. "सात आठवडे रोज तुमच्या दारात चहा पीत होता तो, काकू."

ती पुढे चालू लागली. तिच्या हातात कागद तसाच होता. खोल्यांच्या ओळीपाशी पोचल्यावर तिने बाईंच्या दारावरून जायचं टाळलं, मागच्या गटाराच्या बाजूने वळसा घालून घरी गेली. त्या दिवसापासून ओळीतल्या सगळ्याच बायका तोच वळसा घालू लागल्या.

संध्याकाळ झाली. मिस्त्री आले नव्हते. कधी येतील हे कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांबरोबर गेलेला शिपाई येऊन एवढंच सांगून गेला, की आज नाही. खिडकीतल्या बाटल्यांवर ऊन पडलं होतं. एकीच्या तळाशी बारीक काहीतरी चमकत होतं. ते बघायचं काम बाईंचं नव्हतं. वही घरात नव्हती. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदाच. बाटल्यांना चिकटवायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांची गड्डी मिस्त्रींच्या खणात होती. त्यातली एक बाईंनी घेतली, चष्मा पुसला आणि लिहिलं:

७ मे, शुक्रवार. वही साहेबांकडे, पावती खणात ठेवली. हे जबानीला गेले. डबा तसाच परत आला. साखर संपली. स्वयंपाकघरातला नळ गळत नाही.